कडू कोणता ते कळते, वेगळा कोणता ते कळत नाही

क्विनीनची दोन द्रावणे घ्या, एक किंचित कमी कडू आणि दुसरे किंचित जास्त. दिसायला दोन्ही पाण्यासारखी. तीन पेले मांडायचे: दोनांत एक द्रावण, तिसऱ्यात दुसरे. समोरच्या माणसाने तिन्ही चाखून वेगळा पेला ओळखायचा. सांगता येत नसेल तरी एकावर बोट ठेवायचेच, ‘माहीत नाही’ हे उत्तर चालत नाही. संवेदी मूल्यमापनात, म्हणजे माणसांच्या जिभेने-नाकाने पदार्थ पारखण्याच्या शास्त्रात, याला ट्रायअँगल टेस्ट, म्हणजे त्रिकोणी चाचणी म्हणतात.

बायर आणि अब्राम्स या संशोधकांनी १९५३ साली अशाच कडू द्रावणांवरचा प्रयोग ‘फूड टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात मांडला. त्यांचा मूळ प्रश्न साधा होता: फरक शोधायला तीन पेल्यांची चाचणी बरी की दोन पेल्यांची? हाती आले ते मात्र चक्रावून टाकणारे होते. तीन पेल्यांत वेगळा पेला शोधताना चुकलेल्या लोकांना ‘जास्त कडू कोणता?’ असे विचारले, तर त्यांची उत्तरे नुसत्या अंदाजापेक्षा बरीच चांगली येत होती. फरक ओळखता येत नाही असा शिक्का ज्यांच्यावर बसला, तेच लोक फरक ओळखत होते.

कॅनडातील संख्याशास्त्रज्ञ ग्रिजमन यांनी १९७० साली या कोड्याला नाव दिले. त्याचा मराठीत आशय असा: ‘फरक ओळखणाऱ्या, पण फरक न ओळखू शकणाऱ्यांचा विरोधाभास’. नाव लांबलचक असले तरी अडचण त्यात बरोबर पकडली आहे.

हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते एका कारणासाठी. चव-चाचणीचा निकाल मनासारखा लागला नाही की बोट पहिल्यांदा चव घेणाऱ्याकडे जाते. पॅनेल नवखे होते, लोकांचे लक्ष नव्हते, जिभा बोथट होत्या, असे म्हटले जाते. इथे ती पळवाट नाही, कारण माणसे आणि द्रावणे दोन्ही वेळा तीच होती. बदलला होता तो फक्त प्रश्न.

आधी चाचणीविषयी थोडेसे

त्रिकोणी चाचणीचा जन्म बिअरच्या कारखान्यात झाला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमधील संशोधकांनी १९४० च्या दशकात ती वापरली. हेल्म आणि ट्रोल यांचा १९४६ चा गाजलेला लेख तर चव घेणाऱ्यांचे पॅनेल कसे निवडावे याबद्दलच आहे. म्हणजे ही चाचणी सुरुवातीपासूनच माल पारखण्याबरोबर माणसे पारखण्यासाठीही वापरात आहे. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागेल.

तिची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. फरक नेमका कशात आहे हे आधी माहीत असावे लागत नाही. गोडी बदलली, वास बदलला की घट्टपणा, काहीच ठाऊक नसले तरी ‘यातला वेगळा कोणता’ हे विचारता येते. डोळे मिटून बोट ठेवले तरी तीनांत एकदा उत्तर बरोबर येणार, त्यामुळे हिशेबही सोपा. २४ जणांपैकी १३ किंवा अधिक जण बरोबर असतील, तर पाच टक्के पातळीवर फरक जाणवला असे धरता येते, म्हणजे नुसत्या अंदाजाने इतकी उत्तरे बरोबर येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते. पेल्यांवर तीन आकडी सांकेतिक क्रमांक घालायचे, मांडणीचे सहाही क्रम सारख्या वेळा वापरायचे, रंगातला फरक झाकायला तांबडा दिवा लावायचा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४१२० मध्ये हे सगळे तपशीलवार आहे.

उलगडा

कोडे सुटायला १९७९ साल उजाडावे लागले. फ्राइटर्स या संशोधकांनी ते सोडवले. त्यांच्या उत्तराचा पाया मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२७ साली मांडलेल्या एका कल्पनेत आहे: एकच वस्तू दोनदा अनुभवली तरी अनुभव दोनदा सारखा येत नाही. आधीच्या घोटाचा अंश तोंडात राहतो, लाळ कमीजास्त होते, लक्ष हलते. त्यामुळे एकाच द्रावणाचे दोन पेलेही मनात दोन वेगळ्या जागी जाऊन बसतात.

आता आकडे घालून पाहू. कमी कडू द्रावणाचे दोन पेले आहेत. त्यांतला एक चाखणाऱ्याला ३ इतका कडू लागला, दुसरा ५ इतका. जास्त कडू द्रावणाचा पेला ६ इतका लागला. विचारले, वेगळा कोणता? ५ आणि ६ जवळजवळ आहेत, ३ लांब पडला आहे. माणूस प्रामाणिकपणे ३ वर बोट ठेवतो आणि चुकतो. याच क्षणी त्याला विचारले असते, सर्वांत कडू कोणता, तर त्याने ६ वर बोट ठेवले असते आणि ते बरोबर आले असते. मनातले तिन्ही अनुभव तेच, पण एक प्रश्न त्यांच्यामधली अंतरे मोजायला लावतो आणि दुसरा फक्त टोकाकडे पाहायला. अंतरे मोजताना सारख्या पेल्यांमधला योगायोगाचा फरकही हिशेबात शिरतो आणि घोळ घालतो.

उलटेही होऊ शकते हे सांगायला हवे. दोन्ही कमी कडू पेले ५ च्या आसपास लागले आणि जास्त कडू पेला त्या घोटाला २ च लागला, तर ‘वेगळा कोणता’चे उत्तर बरोबर येईल आणि ‘कडू कोणता’चे चुकेल. पण द्रावणांत खरा फरक असेल तर अशी वेळ कमी येते. एकूण पारडे दिशा सांगणाऱ्या प्रश्नाच्या बाजूनेच झुकते.

किती झुकते, तेही पाहू. संवेदी शास्त्रात दोन नमुन्यांमधले जाणवणारे अंतर डी-प्राइम या मापात मोजतात. ते १ असेल तर फरक बारीक आहे, पण अगदी नगण्य नाही. अशा जोडीत दोन पेल्यांमधला जास्त कडू पेला सुमारे ७६ टक्के वेळा बरोबर ओळखला जातो. तीन पेल्यांत ‘सर्वांत कडू कोणता’ विचारले तर सुमारे ६३ टक्के उत्तरे बरोबर येतात. त्याच तीन पेल्यांत ‘वेगळा कोणता’ विचारले तर सुमारे ४२ टक्के. आणि नुसत्या अंदाजाने ३३ टक्के येतातच.

हेच २४ जणांच्या पॅनेलला लावले तर चित्र आणखी उघडे पडते. तीन पेल्यांच्या दोन्ही प्रश्नांना अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एकच, तीनांत एक. म्हणून उंबरठाही एकच, १३ बरोबर उत्तरे. तरीही ‘वेगळा कोणता’ विचारणाऱ्या चाचणीला हा खरा फरक सापडण्याची शक्यता निघते सुमारे १५ टक्के आणि ‘सर्वांत कडू कोणता’ विचारणाऱ्या चाचणीला सुमारे ८७ टक्के. दोन पेल्यांच्या चाचणीत उंबरठा १७ चा, आणि यश सुमारे ८० टक्के. ‘वेगळा कोणता’ विचारून ८० टक्क्यांपर्यंत पोहोचायचे तर जवळपास २०० माणसे बसवावी लागतात, जिथे दोन पेल्यांना वीस-बावीस पुरतात. २४ जणांच्या त्रिकोणी चाचणीवर विसंबून ‘बदल कुणाला कळणार नाही’ असे ठरवणाऱ्याने हा १५ चा आकडा टेबलावर चिकटवून ठेवावा.

एक वाक्यही तयारीच असते

इथवर हे प्रकरण संख्याशास्त्राचे वाटते, आणि बरेच लोक ते तिथेच सोडतात. मला त्यातला माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘कडूपणा पाहा’ हे दोन शब्द म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ना त्यासाठी आठवड्यांचा सराव लागतो, ना नमुन्यांचे संच. तरीही त्या दोन शब्दांनी चव घेणाऱ्याची कामगिरी इतकी बदलते की बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, दुसरेच कोणी आणून बसवले आहे.

प्रयोगाआधी माणसाला काय सांगितले हा प्रयोगाचाच भाग आहे, ही जाणीव या क्षेत्रात नवी नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात वर्णिलेला चहाचा प्रयोग बहुतेकांना ऐकून माहीत असतो: कपात दूध आधी ओतले की चहा, हे चवीवरून सांगता येते असा दावा करणारी बाई आणि आठ कप. त्यातला एक तपशील सहसा गाळला जातो. आठांपैकी चार कप एका प्रकारचे आणि चार दुसऱ्या प्रकारचे आहेत हे बाईंना आधीच सांगायचे होते. म्हणूनच आठांतून चार निवडण्याच्या ७० शक्यता निघतात आणि सगळे बरोबर येण्याचा योगायोग ७० त एक ठरतो. ते सांगितले नसते तर हिशेबही बदलला असता आणि बाईंची निवडण्याची रीतही.

अनुभवी माणसाचे वेगळेपणही बऱ्याच अंशी इथेच आहे. न्यूझीलंडमध्ये वेंडी पार आणि सहकाऱ्यांनी २००२ साली वाइनचे परीक्षक आणि नवखे लोक यांची तुलना प्रसिद्ध केली. वास जाणवण्याचा उंबरठा दोन्ही गटांत सारखाच होता. आधी घेतलेला वास पुन्हा आल्यावर ओळखण्यात मात्र परीक्षक सरस ठरले. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांचे नाक तीक्ष्ण झाले नव्हते, लक्षात ठेवणे पक्के झाले होते. फरक-चाचणीत नेमके हेच उपयोगी पडते, कारण तिसरा पेला तोंडात असताना पहिल्याची आठवण शाबूत असावी लागते.

याला एक मर्यादा आहे. रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या १९३१ च्या निरीक्षणापासून आपल्याला माहीत आहे की पीटीसी हे रसायन काहींना प्रचंड कडू लागते तर काहींना जवळजवळ बेचव. हा फरक जनुकांचा आहे, आणि ज्याला ती चव लागतच नाही त्याला कितीही सराव दिला तरी उपयोग नाही. म्हणून पॅनेल निवडताना शारीरिक संवेदना तपासणे गरजेचेच असते. पण बायर-अब्राम्स प्रकरणातले लोक त्या गटातले नव्हते. त्यांना कडूपणा लागत होता, हे त्यांनीच दाखवून दिले होते.

तोंड गरम करणे

फरक कशात आहे हे सांगता येईल इतके सोपे प्रकरण क्वचितच असते. क्विनीनच्या पाण्यात कडूपणाखेरीज काहीच बदलत नाही. खऱ्या खाद्यपदार्थात एखादा घटक बदलला की गोडी, वास, तोंडातला स्पर्श आणि गिळल्यानंतर मागे राहणारी चव, सगळे थोडे थोडे सरकते. तिथे ‘सर्वांत गोड कोणता’ विचारणे धोक्याचे. खरा फरक वासात असेल तर आपण माणसाला मुद्दाम चुकीच्या खिडकीशी उभे केले असे होते.

यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मायकेल ओमाहोनी यांच्या गटाने एक देखणा मार्ग पुढे आणला. ओमाहोनी, थीमे आणि गोल्डस्टाइन यांचा १९८८ चा लेख वॉर्म-अपबद्दल आहे. चाचणीआधी माणसाला दोन्ही नमुने द्यायचे, हा एक आणि तो दुसरा असे उघड सांगून. तो आलटून पालटून चाखत राहतो, आपल्याला फरक सापडला असे वाटेपर्यंत. त्या फरकाला त्याने नाव द्यायची गरज नाही. मग लगेच खरी चाचणी. फरकाची दिशा प्रयोगकर्त्याने सांगितलेली नसते, ती माणसाने स्वतःच्या तोंडाने शोधलेली असते. अशा वॉर्म-अपनंतर फरक अधिक चांगला ओळखला जातो असे त्यांना आढळले.

याचे कारण मला दुहेरी वाटते. एक तर अनुभवांचा विखुरलेपणा कमी होतो, कारण आता लक्ष एकाच गोष्टीवर असते. डी-प्राइम १ वरून दीडच्या जवळ गेला, तर २४ जणांच्या त्रिकोणी चाचणीचे यश १५ टक्क्यांवरून सुमारे ४४ टक्क्यांवर जाते. दुसरे कारण अधिक मार्मिक आहे. फरक कुठे आहे हे कळल्यावर माणूस ‘वेगळा कोणता’ या प्रश्नाचे मनातल्या मनात भाषांतर करतो. अंतरे मोजणे सोडून तो थेट टोकाचा पेला शोधू लागतो. चाचणीच्या कागदावर प्रश्न तोच असला तरी उत्तर देण्याची रीत बदललेली असते.

इथे हिशेब करणाऱ्याची गंमत होते. समजा पॅनेलची ६३ टक्के उत्तरे बरोबर आली. लोक अंतरे मोजत होते असे धरले तर डी-प्राइम दोनच्या थोडा वर निघतो. ते टोक शोधत होते असे धरले तर तोच १ निघतो. एकाच निकालातून फरकाचा आकार दुप्पट किंवा निम्मा. अनुभवी पॅनेलच्या त्रिकोणी चाचणीचे आकडे नवख्यांच्या आकड्यांशेजारी ठेवताना ही शंका कुणी काढलेली फारशी दिसत नाही.

तयारीत तोंडाची अवस्थाही येते, आणि कडू चवीत ती फार येते. कडूपणा रेंगाळतो. जास्त कडू घोटानंतर कमी कडू घोट आणखी सौम्य लागतो, आणि दोन जास्त कडू घोट लागोपाठ आले की दुसरा बोथट होतो. पेल्यांत काय आहे यापेक्षा कशानंतर काय आले यावर अनुभव ठरू लागतो. ओमाहोनी यांच्या गटाने क्रमाच्या या परिणामांवर बरेच काम केले. तीन पेल्यांत दोन सारखे असतात हे आपण मांडणीच्या बाजूने म्हणतो. जिभेच्या बाजूने पाहिले तर पाण्यानंतर आलेला पेला आणि दुसऱ्या पेल्यानंतर आलेला पेला कधीच सारखे नसतात. चूळ भरणे, मधे थांबणे, पहिल्या नमुन्याआधी एक सरावाचा घोट देणे या गोष्टी निगुतीने केल्या नाहीत, तर अनुभवी पॅनेलही नवख्यासारखे वागते.

मग पॅनेल किती तयार असावे?

माझे मत असे की याचे उत्तर निकालाचे पुढे काय करायचे यावरून ठरवावे. कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला आणि कारखान्याला कुठलाही बारीक फरक हाती हवा असेल, तर पॅनेल मुरलेले असावे, वॉर्म-अप द्यावा, आणि गुणधर्म माहीत असेल तर तो सरळ विचारावा. तेच पॅनेल ‘ग्राहकाला कळेल का’ या प्रश्नावर बसवले तर ते अति तिखट ठरते. घरी कुणी दोन नमुने शेजारी ठेवून, आलटून पालटून चाखून, मग खात नाही. तयार पॅनेलला सापडलेला फरक ग्राहकाच्या लक्षातही येणार नाही असे होऊ शकते. उलटही तितकेच खरे आहे. नवख्यांना एका बैठकीत न सापडलेला फरक रोज तोच पदार्थ खाणाऱ्याला आठवडाभरात खटकू शकतो, कारण तो रोज नकळत वॉर्म-अपच करत असतो.

वॉर्म-अपचा एक काटा मात्र सांभाळावा लागतो. एक नमुना दुसऱ्यापेक्षा जरा गार असेल, एकावर फेस जास्त असेल, तर माणूस तोच फरक शिकतो आणि चाचणीत अचूक ओळखतो. निकाल लखलखीत येतो आणि तो चवीबद्दल काहीच सांगत नाही. तयार माणूस नवख्यापेक्षा आपल्या निष्काळजीपणाचा फायदा लवकर घेतो, त्यामुळे तयारी वाढवली की नमुने बनवण्यातली शिस्तही वाढवावी लागते.

मिश्र पॅनेलबद्दल मी थोडा कडक आहे. काही जण वर्षानुवर्षांचे, काही जण शेजारच्या विभागातून बोलावलेले, अशा गटाच्या बेरजेतून निघणारा आकडा कुणाचाच नसतो. एकाच पातळीचे लोक बसवावेत, आणि ते जमत नसेल तर निकाल वेगळे मांडावेत. दहा जणांनी प्रत्येकी सहा वेळा चाखून साठ उत्तरे जमवली तर ती साठ माणसांची मानू नयेत, हेही इथेच सांगून टाकतो. दहांपैकी दोघेच तरबेज असले तरी बेरीज फसवी चांगली दिसू शकते.

फरक नाही हेच सिद्ध करायचे असेल तर बेत आधीच वेगळा करावा लागतो. आयएसओ ४१२० फरक शोधण्यासाठी साधारण २४ ते ३० जण सुचवते, आणि साम्य दाखवण्यासाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे ६० च्या आसपास. चार नमुने देऊन त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावायला सांगणारी टेट्राड चाचणीही आता वापरात आहे. तिलाही गुणधर्म सांगावा लागत नाही, आणि तत्त्वतः त्रिकोणीच्या साधारण एक-तृतीयांश माणसांत तिचे भागते. मात्र चौथा घोट वाढतो, आणि क्विनीनसारख्या चिकट कडूपणात तो परवडेलच असे नाही.

राहिला प्रश्न माणसे निवडण्याचा, ज्यासाठी कार्ल्सबर्गपासून त्रिकोणी चाचणी वापरली जाते. बायर-अब्राम्स यांच्या प्रयोगातले वेगळा पेला न ओळखणारे लोक अशा निवडीला बसले असते तर पहिल्याच फेरीत घरी गेले असते, आणि पॅनेल कडूपणा नीट ओळखणाऱ्या माणसांना मुकले असते. निवडीच्या फेरीत नापास झालेल्याला म्हणून मी लगेच वगळणार नाही. दोन्ही नमुने उघड चाखायला देऊन, त्याला फरक सापडल्यावर, दुसऱ्या दिवशी दिशा विचारणाऱ्या प्रश्नावर पुन्हा बसवावे. तिथेही तो अंदाजाच्या पातळीवरच राहिला तर नाव खोडावे, आणि नोंदवहीत कुठल्या प्रश्नावर, कुठल्या तयारीनंतर खोडले तेही लिहावे.